ज्वारी, लाख आणि शिधापत्रिकेवरील तांदूळ

गोदावरी नांदेड सोडून पुढे गेली की मराठी माणसाच्या नकाशातून ती जणू नाहीशीच होते. त्र्यंबक, नाशिक, पैठण, नांदेड येथवर ती आपली. बासरच्या सरस्वतीला जाऊन आलेले भाविक तेवढे तिची वाट आणखी थोडी सांगू शकतात. त्याही पुढे, तेलंगणात, तिच्या उत्तर तीरावर मंचेरियल नावाचे गाव आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची वाटणी झाली आणि मंचेरियल जिल्ह्याचे ठिकाण बनले. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरील हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते कोळसा आणि सिमेंट यांमुळे. जिल्ह्याच्या पूर्वेला प्राणहिता वाहते आणि तिच्या पलीकडे आपला गडचिरोली जिल्हा सुरू होतो. तेथील सिरोंच्याच्या बाजारात मराठीपेक्षा तेलुगूच अधिक कानी पडते. नदीने राज्ये वेगळी केली आहेत; दोन्ही तीरांवरील गरिबांची ताटे मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखत आली.

समुद्रकाठी राहणाऱ्या, मासळी आणि भात यांवर वाढलेल्या आमच्या वाचकांनी या दूरच्या गावाची चौकशी का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. एक उत्तर अगदी रोखठोक आहे. मंचेरियलच्या समोर, गोदावरीच्या दक्षिण तीराच्या बाजूस, रामागुंडमचे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि गोव्याला मिळत आलेल्या विजेचा एक हिस्सा त्या केंद्रातला आहे. चवथीच्या रात्री माटोळीखाली लागणाऱ्या दिव्यांत त्या खोऱ्यातला कोळसा जळतो. परंतु आम्हांस आज जे सांगावयाचे आहे ते विजेविषयी नव्हे. दख्खनच्या पठारावरील आणि गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातील गरिबांच्या जेवणाने भारतीय वैद्यकशास्त्राला आणि वनस्पतिशास्त्राला काही अवघड प्रश्न घातले. शास्त्रज्ञांनी ते प्रश्न उचलले आणि त्यांवर असे काम केले की जगाने त्याची नोंद घ्यावी. ती उत्तरे ज्यांच्या ताटातून प्रश्न उचलला त्यांच्याकडे परत किती गेली, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम ज्वारीचे पाहू. पेलाग्रा हा रोग आपल्या बाजूस फारसा परिचयाचा नाही. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट, खरखरीत चट्टे उठतात, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा दिसतो, जुलाब लागतात आणि रोग बळावला की बुद्धीही ठिकाणावर राहत नाही. युरोप-अमेरिकेत हा मका खाणाऱ्या गरिबांचा रोग म्हणून ओळखला गेला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हजारो लोक त्याने मरत असताना तो सांसर्गिक आहे असे डॉक्टर मंडळी ठासून सांगत होती. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून चिकाटीने सिद्ध केले की दोष जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे. पुढे १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे मूळ ठरले. मक्यातले नायसिन शरीराला सहजी मिळत नाही, आणि ज्यापासून शरीर स्वतः नायसिन बनवू शकते ते ट्रिप्टोफेनही मक्यात कमीच. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात भिजवून खात आणि त्यांना हा रोग होत नसे. युरोपीयांनी मका नेला. चुन्याची युक्ती तेथेच सोडली.

आपल्याकडे मात्र कोडे वेगळे पडले. हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयात येणारे पेलाग्राचे रोगी मका खाणारे नव्हते, ते तेलंगणातील ज्वारी खाणारे गरीब लोक होते. ज्वारीत नायसिन पुरेसे असते आणि ट्रिप्टोफेनही तांदळाहून फारसे कमी नसते. मग तांदूळ खाणारा सुटतो आणि ज्वारी खाणारा का सापडतो? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पूर्वावतारात, म्हणजे पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले उत्तर मांडले: ज्वारीत ल्युसीन नावाचे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते आणि ते शरीरातील नायसिनच्या व्यवहारात अडथळा आणते. कुत्र्यांवर प्रयोग झाले. ल्युसीन अधिक असलेली ज्वारी खाऊन त्यांच्या जिभा काळ्या पडल्या. हे पेलाग्राचेच कुत्र्यांतले रूप. कमी ल्युसीनच्या ज्वारीवर पोसलेल्या कुत्र्यांना तो त्रास झाला नाही.

या शेवटच्या वाक्यातच खरी गोष्ट आहे. ज्वारीचे सगळे वाण सारखे नसतात, हे शेतकऱ्याला ठाऊकच होते; आता ते रोगाच्या संदर्भात सिद्ध झाले. म्हणजे औषधाची गोळी नव्हे, तर बियाणे बदलूनही रोग टळू शकेल, अशी ही दिशा होती. येथे न्यायासाठी हेही नमूद केले पाहिजे की परदेशांतील काही प्रयोगशाळांना ल्युसीनचा हा परिणाम आपल्या प्रयोगांत आढळला नाही, आणि ब-६ जीवनसत्त्व व आयसोल्युसीन यांचाही या प्रकरणात हात असल्याचे हैदराबादच्याच संशोधकांनी पुढे दाखवले. शास्त्रात असे चालायचेच. घाटावर सोलापूरकडची माणसे जन्मभर भाकरी खातात, त्यांना का होत नाही, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे: भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी असली की ज्वारी निरुपद्रवी. रोग व्हायचा तो ज्याच्या ताटात ज्वारीवाचून दुसरे काही पडतच नसे त्याला.

मग त्या कमी ल्युसीनच्या ज्वारीचे काय झाले? १९६४ मध्ये देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, प्रसारित झाला. त्यानंतर शेतीखात्याने ज्वारीकडे पाहिले ते एकरी उत्पन्नाच्या नजरेने. पोषणाची नजर प्रयोगशाळेतच राहिली. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने आंध्रात दोन रुपये किलोने तांदूळ देण्यास आरंभ केला. गरिबांच्या घरी भात रोजचा झाला, ज्वारीच्या शेतांत कापूस शिरला, आणि पेलाग्राचे रोगी हळूहळू तुरळक झाले. रोग गेला हे उत्तमच. परंतु तो शास्त्राच्या उत्तराने गेला नाही, तो स्वस्त तांदळाने बाजूस सारला. आज गंमत अशी की शहरातील मधुमेही गृहस्थ दुप्पट दाम मोजून ज्वारीचे पीठ नेतात, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि ज्या गोंड-कोलाम वस्त्यांत ज्वारी हेच अन्न होते तेथे पांढऱ्या तांदळाचे पोते पोहोचले आहे. २०२५ च्या उगादीपासून तेलंगणात शिधापत्रिकेवर बारीक तांदूळ देण्याची योजना सुरू झाली, तिचे तेथे मोठे कौतुक झाले. गरिबालाही बारीक तांदूळ मिळावा यात वावगे काहीच नाही. पण पर्याय म्हणून ज्वारी मागण्याची सोय त्याला असावी की नाही?

तांदळाची गोष्ट निघालीच आहे तर आमच्या वाचकांच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या संस्थेने पेलाग्राचा शोध घेतला तिचा जन्म तांदळामुळेच झाला. १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एक छोटा विभाग सुरू केला. त्याचीच पुढे प्रयोगशाळा झाली, ती १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. बेरीबेरी हा गिरणीत सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्यांचा रोग. आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर तो फार होता. जेथे उकडा तांदूळ खाल्ला जाई तेथे तो जवळपास नव्हता. भात साळीसकट उकडला की कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरते आणि मग तो कितीही सडला तरी सगळे सत्त्व जात नाही. सकाळच्या पेजेला गावंढळपणाची खूण मानून नाक मुरडणाऱ्या आमच्या नव्या पिढीने हे जरूर ध्यानी घ्यावे. आपल्या आजीला ब-१ हे नाव ठाऊक नव्हते, पण चुलीवरच्या भांड्यात ती जे करीत होती त्याचे कारण शोधायला शास्त्राला कैक वर्षे लागली.

प्राणहितेच्या अलीकडे, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांत दुसरी कहाणी आहे, आणि ती अधिक करुण आहे. तेथे उभ्या धानात, कापणीच्या आधी, लाख किंवा लाखोळीचे बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापले की ओलाव्यावर लाख वर येते. पाऊस दगा देईल, धान जळेल, पण लाख जगेल. म्हणूनच ती दुष्काळात गरिबाची एकमेव डाळ उरते; आणि म्हणूनच घात होतो. सलग दोन-तीन महिने आहाराचा मोठा भाग लाखच असला तर काहींचे पाय ताठू लागतात, चाल बिघडते, काठी येते, आणि शेवटी माणूस घसपटत चालतो. गेलेले पाय परत येत नाहीत. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये 'कलायखंज' असे नाव आहे ते याच पांगळेपणाला धरून, असे वैद्यमंडळी मानतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, रुमानियाच्या ताब्यातील वाप्न्यार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हीच डाळ खाऊ घातली गेली, कैद्यांतीलच डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला, तोवर कित्येक जण जन्माचे अपंग झाले होते. मध्य भारतात वेठबिगारांना मजुरी म्हणून लाखच दिली जाई. छावणी आणि वेठ यांत अंतर आहे, डाळ मात्र एकच.

या डाळीतले विष कोणते, हे १९६४ मध्ये भारतीयांनीच शोधले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सर्मा यांनी ओडॅप या नावाने ओळखले जाणारे अमिनो आम्ल वेगळे काढले. दिल्लीच्या संशोधकांनीही त्याच वर्षी तेच गाठले. दोनच वर्षांनी हैदराबादच्या प्रयोगशाळेने घरगुती उपाय सांगितला: डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवावी आणि ते पाणी फेकून द्यावे, बरेचसे विष निघून जाते. त्यात डाळीची काही जीवनसत्त्वेही जातात, पण पाय वाचतात. वनस्पतिशास्त्रज्ञही मागे राहिले नाहीत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत कमी विषाचा 'पुसा २४' हा वाण निघाला. पुढे त्याच वाणाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांतून उगवलेल्या रोपांची निवड करीत 'रतन' हा आणखी सौम्य वाण १९९० नंतरच्या दशकात तयार झाला. रायपूरहून 'प्रतीक' आणि 'महातेवडा' आले. हे काम पाहून कोणाचीही मान आदराने झुकावी.

पण याच काळात सरकारने काय केले? १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली लाखेच्या विक्रीवर बंदी आली. पिकावर नव्हे, विक्रीवर. काही राज्यांनी ती अमलात आणली, काहींनी आणलीच नाही. परिणाम असा की जो शेतकरी ती पिकवून विकून चार पैसे करू शकला असता त्याने ती घरीच खाल्ली, आणि व्यापाऱ्याने ती बेसनात आणि तुरीच्या डाळीत मिसळून शहराला खाऊ घातली. गरिबाच्या ताटातून विष काढायला निघालेला कायदा ते विष त्याच्याच ताटात कोंडून बसला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे उपोषणे आणि आंदोलने केली. लाख मुळात निरुपद्रवीच आहे हा त्यांचा दावा आम्हांस तेवढ्या निःशंकपणे मान्य करता येत नाही, परंतु बंदीने शेतकऱ्याचे नुकसान झाले हे त्यांचे म्हणणे नाकारता येत नाही. २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कमी विषाचे वाण ध्यानात घेऊन बंदी उठविण्याच्या बाजूने मत दिले. म्हणजे विष सापडल्यापासून हे मत बनायला बावन्न वर्षे लागली. शिवाय एक अडचण अशी आहे की दुष्काळात, किंवा जमिनीत जस्त कमी असले, तर तेच रोप अधिक विष साठवते. आणि शेजारच्या जुन्या लाखेशी त्याचा संकर होत राहिला तर सौम्यपणाही टिकत नाही. म्हणून बंदी उठवून हात झटकणे हे बंदी घालून हात झटकण्याइतकेच सोपे आणि तितकेच चुकीचे आहे. दर वर्षी शुद्ध बियाणे, आणि तालुक्याच्या ठिकाणी डाळ तपासण्याची सोय, एवढे तरी हवेच.

जुन्या गोष्टी आज का उकराव्यात? कारण तीच चूक नव्या रूपाने समोर आहे. देशात रक्तक्षय फार आहे म्हणून शिधापत्रिकेवरील तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातलेले दाणे मिसळण्याचे ठरले. शंभर दाण्यांत एक, असे प्रमाण. मार्च २०२४ पर्यंत देशभरच्या सर्व शिधावाटपात हा तांदूळ पोहोचल्याचे केंद्र सरकारने सांगितले. कल्पना मुळात वाईट नव्हे. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड हटवून दाखवला, तेव्हापासून अन्नात पोषक द्रव्य मिसळण्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. परंतु मंचेरियल, आसिफाबाद, आदिलाबाद, गडचिरोली या पट्ट्यातील गोंड, कोलाम आणि इतर काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आहे. तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात, सांधे आणि पोट असह्य दुखते. ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच साचते. अशा रोग्यांनी लोहमिश्रित अन्न खाऊ नये अशी सूचना पोत्यावर छापण्याचा नियम २०१८ मध्ये होता. २०२४ मध्ये तो काढण्यात आला. इतक्या थोड्या लोहाने अपाय होतो याचा पुरावा नाही आणि इतर देशांत अशी सूचना नसते, हे त्यामागचे कारण देण्यात आले.

ते कारण शास्त्रीयदृष्ट्या बरोबरही असेल. तज्ज्ञांच्या समितीवर अविश्वास दाखविण्याइतके आम्ही विद्वान नाही. पण पुरावा नाही याचा अर्थ तो शोधला आणि मिळाला नाही, की या खोऱ्यात कोणी शोधलाच नाही? हा तांदूळ ज्या वस्त्यांत रोज दोन वेळा शिजतो तेथे सिकलसेलच्या रोग्यांचे रक्त तपासून, वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवून, मिळालेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवणे एवढे अवघड आहे काय? १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट जाहीर झाले. रक्त तपासणारे खाते आणि तांदूळ वाटणारे खाते वेगवेगळे. कोणाच्या घरी सिकलसेल आहे हे एकाला ठाऊक, त्या घरी कोणता तांदूळ जातो हे दुसऱ्याला ठाऊक. दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहण्याचे काम मात्र कोणत्याच खात्याकडे सोपविलेले नाही.

गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था १९८६ मध्ये स्थापन करणारे डॉ. अभय बंग यांनी एक अनुभव अनेकदा सांगितला आहे. सुरुवातीच्या काळात त्यांनी तेथे सिकलसेलचा अभ्यास केला, रोग मोठ्या प्रमाणावर असल्याचे दाखवले. पण आदिवासींनी त्यात फारसा रस घेतला नाही, कारण तो प्रश्न संशोधकांचा होता, त्यांनी विचारलेला नव्हता. त्यानंतर त्यांनी लोकांना विचारून प्रश्न ठरवायला आरंभ केला. एका संशोधकाने हे उघडपणे सांगावे याचे आम्हांस मोल वाटते. ज्वारीच्या बाबतीत हैदराबादेला, लाखेच्या बाबतीत दिल्लीला आणि तांदळाच्या बाबतीत मंत्रालयाला हे विचारावेसेच वाटले नाही.

उलट मार्गाने गेलेले उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपल्या खाजन शेतांत खारे पाणी सोसणारा कोरगुट भात पिढ्यान्‌पिढ्या होता. जुन्या गोव्यातील एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने बाहेरून बियाणे न आणता या कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान' या नावाचे पहिले दोन वाण काढले. शेतकऱ्याने राखलेले बी घेतले, सुधारले आणि त्याच मानशीच्या आतल्या शेतात परत नेले. ते किती शेतांत टिकले आणि खाजनेच किती टिकली, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण दिशा बरोबर होती.

मंचेरियलच्या बाबतीतही मागणे फार मोठे नाही. शिधापत्रिकेवर ज्याला तांदळाऐवजी ज्वारी हवी त्याला ती मिळावी, आणि ती त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याकडून हमीभावाने घेतलेली असावी. तेलंगण आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी प्राणहितेच्या दोन्ही तीरांवरील सिकलसेलच्या नोंदी एकत्र कराव्यात. मुलगी चेन्नूरची आणि सासर सिरोंच्याचे असे संसार तेथे असतात, रक्त नदीपाशी थांबत नाही. तांदळात लोह मिसळायचे असेल तर आधी याच घरांतून वर्षभर पाहणी व्हावी आणि तोवर त्या घरांना साधा तांदूळ मागण्याचा अधिकार असावा. लाखेच्या सौम्य वाणाचे बियाणे गडचिरोलीच्या कृषी कार्यालयात धान फुलोऱ्यावर येण्याआधी पोहोचावे, कारण उभ्या धानात बी फेकण्याची वेळ एकदा टळली की शेतकऱ्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते.